परवान्यानंतरचा क्लब

हौशी रेडिओ, बोलीभाषेत हॅम रेडिओ, हा परवाना काढून करायचा छंद आहे. स्वतः शिकावे, दुसऱ्या हौशींशी बोलावे, रेडिओच्या तंत्रात प्रयोग करावेत आणि यातल्या कशाचेही पैसे घेऊ नयेत, या अटीवर जगभरची सरकारे काही लहरपट्टे हौशींसाठी राखून ठेवतात. भारतात बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही त्याची परीक्षा देता येते. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा ती घेते. परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रेडिओचे तंत्र आणि नियम हे विषय दोन्हींना असतात. जनरलला शिवाय मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते. पास झाल्यावर प्रमाणपत्र, मग परवान्याचा अर्ज, मग कॉलसाइन, म्हणजे हवेवरची ओळख. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचे कॉलसाइन व्हीयू-थ्रीने सुरू होते, जनरलवाल्यांचे व्हीयू-टूने.

इथवरची वाट सरकारी आहे आणि नियमांत लिहिलेली आहे. पुढची वाट कुठेच लिहिलेली नाही. कॉलसाइन हाती आलेला माणूस प्रत्यक्ष हवेवर कधी येतो, मुळात येतो की नाही, हे बहुतांशी त्याच्या गावातल्या क्लबवर ठरते. क्लबांचे कार्यक्रम सगळीकडे साधारण सारखेच असतात: आठवड्याचे नेट (हवेवरची ठरलेली बैठक), परीक्षेची शिकवणी, रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर अँटेना बांधणे, अधूनमधून फॉक्स हंट, ऑक्टोबरात स्काउटांसाठी जांबोरी ऑन द एअर, एखाद्या मॅरेथॉनला किंवा मेळ्याला संपर्कव्यवस्था. वाद कार्यक्रमांवरून होत नाही. नवे सभासद कशासाठी आणायचे आणि आणल्यावर त्यांचे काय करायचे, यावरून होतो.

या वादातल्या दोन प्रातिनिधिक बाजू पुढे दोन व्यक्तींच्या तोंडी दिल्या आहेत. एक क्लबचे कार्यवाह, मोर्सची परीक्षा देऊन तरुणपणी परवाना घेतलेले. दुसरी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, रिस्ट्रिक्टेड परवाना नुकताच मिळालेली.

कार्यवाह : लहरपट्टे म्हणजे आपले वतन नव्हे. आज आहेत, उद्या नसतील. अमेरिकेत ३.३ ते ३.५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा हौशी वापरत होते. २०२० मध्ये तो मोबाइलसाठी मोकळा करायचे ठरले. २०२३ ला दुबईच्या जागतिक रेडिओ परिषदेत १,२४० ते १,३०० मेगाहर्ट्‌झचा विषय निघाला, कारण तिथे दिशादर्शक उपग्रहही आहेत. सरकारसमोर बसले की पहिला प्रश्न येतो, तुम्ही आहात किती? म्हणून माझे म्हणणे, दर वर्षी जास्तीत जास्त मुलांना परीक्षेला बसवा.

विद्यार्थिनी : बसवा ना काका. पण मोजायचे काय, परवाने की माणसे? माझ्याबरोबर शिकवणीला बसलेल्यांतल्या कितीतरी जणांनी परवाना आल्यापासून एकदाही पीटीटी, म्हणजे बोलायचे बटण, दाबलेले नाही.

कार्यवाह : दाबतील पुढे कधीतरी. परवाना आजन्म घेता येतो, घाई कसली?

विद्यार्थिनी : परवान्याला घाई नाही. पण ज्या मुलाला आज बोलायचे आहे, त्याला वर्षभराने बोलावेसे वाटेलच असे नाही.

संख्येचा मुद्दा पोकळ नाही. भारतातल्या हौशींचा सर्वांत वर्दळीचा पट्टा सात मेगाहर्ट्‌झचा. तो पूर्वी ७.० ते ७.१ एवढाच होता. त्याच्या पुढे प्रसारण केंद्रांचे दणदणीत कार्यक्रम चालत. २००३ च्या जागतिक परिषदेत ७.१ ते ७.२ हा भाग युरोप, आफ्रिका आणि आशियातही हौशींना द्यायचे ठरले आणि २९ मार्च २००९ पासून प्रसारण केंद्रांनी तो सोडला. पट्टा दुप्पट झाला. त्यामागे १९२५ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाने वर्षानुवर्षे केलेला पाठपुरावा होता, आणि त्या संघाचे वजन देशोदेशीच्या सभासदांमुळेच होते. त्याच परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली. ती ठेवायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोडले गेले. भारताने ती जनरल श्रेणीपुरती ठेवली. रिस्ट्रिक्टेडचे दार मोर्सविना उघडे असल्यामुळेच आज शिकवणीचे वर्ग भरतात.

मात्र पट्टा मागताना सभासदांची यादी दाखवता येते, तो वापरात आहे हे यादीने सिद्ध होत नाही. रिसीव्हर लावून ऐकणाऱ्याला संध्याकाळी १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झवर नुसता खरखराट मिळाला, तर यादीतल्या नावांचा उपयोग शून्य. या मुद्द्यावर विद्यार्थिनीचे म्हणणे अधिक खरे आहे आणि क्लबांनी ते मनावर घ्यायला हवे.

परवाना मिळूनही माणूस गप्प का राहतो, याची कारणे ठरलेली आहेत. पहिले कारण संचाचे. नवा सभासद बहुधा पाच वॅटचा स्वस्त हँडहेल्ड घेतो. त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि शहरातल्या इमारती त्यांना अडवतात. उंचावर क्लबचा रिपीटर, म्हणजे ऐकलेला संकेत पुन्हा प्रसारित करणारा संच, असेल आणि घरातून तो लागत असेल, तर ठीक. नसेल, तर दोन-चार किलोमीटरपलीकडे कुणीच ऐकत नाही. नवा माणूस दोनदा आपले कॉलसाइन सांगतो, उत्तर येत नाही, आणि संच कपाटात जातो. दुसरे कारण जागेचे. सात मेगाहर्ट्‌झचा साधा डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या, प्रत्येकी दहा मीटरच्या दोन तारा. एवढी वीस मीटर तार ताणायला गच्ची लागते, आणि गच्चीसाठी सोसायटीची परवानगी. तिसरे कारण फारसे कुणी बोलून दाखवत नाही: माइकची भीती.

विद्यार्थिनी : परीक्षेत मी चांगले गुण मिळवले. पण पहिल्यांदा बटण दाबायची वेळ आली तेव्हा वाटले, सगळे तज्ज्ञ ऐकत बसलेत आणि माझे काहीतरी चुकणार. मोबाइलवर बोलताना समोर एकच माणूस असतो. इथे किती आहेत ते कळतच नाही.

कार्यवाह : अगं, आम्हालाही घाम फुटायचा. पण आम्ही आधी ऐकत बसायचो. महिनेच्या महिने. कोण कसे बोलतो, रिपोर्ट कसा देतात, मध्येच कुणाला बोलायचे असेल तर तो कुठे शिरतो, सगळे कानावर पडलेले असायचे. तुमच्या पिढीला ऐकायचा कंटाळा.

विद्यार्थिनी : कंटाळा नाही काका, काय ऐकायचे हेच कुणी सांगत नाही. क्लबने मला परीक्षेचे प्रश्न शिकवले. रिसीव्हरसमोर शेजारी कुणी बसलेच नाही.

इथे दोघांचे म्हणणे एकमेकांना छेदत नाही, पूरक आहे, आणि ते जुळवायला सरकारी विलंबानेच जागा करून दिली आहे. परीक्षेपासून कॉलसाइनपर्यंत पुष्कळदा महिने जातात. या काळात प्रसारण करता येत नाही, ऐकता येते. २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आले की संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी निघालेला एक स्वस्त डोंगल सॉफ्टवेअरच्या मदतीने सर्वसाधारण रिसीव्हर म्हणून वापरता येतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर तर इंटरनेटवरून कोणालाही फिरवता येतो. साधने हाताशी आहेत. सोबत करणारा माणूस नाही.

ऐकण्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सात मेगाहर्ट्‌झवर दिवसा साधारण तीनशे-चारशे किलोमीटरच्या टापूतले आवाज ठळक येतात, कारण वातावरणाच्या वरच्या भागातला एक खालचा थर उन्हात तयार होतो आणि तिरप्या, लांब पल्ल्याच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, वरचा थर तेवढा उरतो आणि हजारो किलोमीटरवरची केंद्रे उगवू लागतात. हे पुस्तकात एका परिच्छेदात असते. पण दुपारी सोलापूर-हैदराबाद ऐकलेल्या जागी रात्री परदेशी कॉलसाइन ऐकू आले, की तो परिच्छेद आपला होतो. मग माणूस वेळ पाहून संच लावायला शिकतो आणि उत्तर आले नाही म्हणून स्वतःला दोष देत नाही.

माइकच्या भीतीवरचा उपाय नेटमध्ये आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर नेट कंट्रोल सुरुवात करतो, एकेका कॉलसाइनला बोलावतो आणि प्रत्येकाची हजेरी नोंदवतो. नव्या माणसाला इथे विषय शोधावा लागत नाही. कॉलसाइन, गाव, संच, अँटेना, ऐकू कसे येते याचा रिपोर्ट, एवढे पुरे. बोलायचे मराठीतच, फक्त कॉलसाइनची अक्षरे व्हिक्टर, युनिफॉर्म अशी आंतरराष्ट्रीय पद्धतीने सांगायची. पण बऱ्याच नेटांत जुने सभासद हजेरीनंतर जुन्या गप्पांत शिरतात आणि नवा माणूस वीस मिनिटे ताटकळतो. नव्यांना आधी बोलवावे, हा साधा नियम फार थोडे क्लब पाळतात.

कार्यवाह : तुला नेटचा कंटाळा आला असेल तर एफटी-एट कर. बाल्कनीत तार टांग, संगणक जोड, संध्याकाळपर्यंत दहा देश होतील. मुले खूश, लॉगही भरलेला.

विद्यार्थिनी : केले मी ते. पण दहा देश संगणकाने केले. मी बघत बसले.

कार्यवाह : हे मात्र अन्याय करणारे बोललीस.

कार्यवाहांचा आक्षेप रास्त आहे. एफटी-एट ही पद्धत २०१७ मध्ये आली. ती तयार करणाऱ्यांपैकी जो टेलर हे भौतिकशास्त्राचे १९९३ चे नोबेल विजेते. तिच्यात पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात. एक केंद्र पाठवते, दुसरे ऐकते. कानाला खरखरीखाली मुळीच न जाणवणारा संकेतही संगणक त्यातून वेचून काढतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, वीस मीटर तार न लावता येणाऱ्या माणसाला जगाशी जोडणारी ही वाट आहे, आणि कुठला पट्टा कुठल्या तासाला कुठल्या दिशेला उघडतो हे तिच्याइतके झटपट दुसरे काहीही दाखवत नाही. तिने जागेची अडचण सुटते. माइकची भीती मात्र सुटत नाही, कारण तिथे बोलायचेच नसते. क्लबने एकाच औषधावर दोन्ही दुखणी सोपवू नयेत.

नव्यांना धरून ठेवणारा सर्वांत खात्रीचा कार्यक्रम फॉक्स हंट आहे आणि त्याच्याकडे करमणूक म्हणून पाहणे चूक आहे. एक जण छोटा प्रक्षेपक कुठेतरी लपवतो. बाकीचे दिशा धरणारा अँटेना घेऊन त्याचा माग काढतात. हा अँटेना हार्डवेअरच्या दुकानातल्या पोलादी मेजरिंग टेपचे तुकडे, पीव्हीसी पाइप आणि क्लॅम्प एवढ्यांतून तासाभरात होतो. तीन दांड्यांचा यागी. मागची दांडी लांब, पुढची आखूड, मधलीला केबल. टेप लवचिक असल्यामुळे झुडपांत अडकली तरी वाकते आणि पुन्हा सरळ होते. १४५ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर, म्हणून दांड्या साधारण मीटरभराच्या. हातात दांडी धरून हे आकडे जुळवल्यावर सूत्र पाठ करावे लागत नाही.

खरी शिकवणूक शेवटच्या शंभर मीटरांत असते. प्रक्षेपक जवळ आला की संचाचा मीटर कुठेही वळवला तरी पूर्ण भरलेला दिसतो. दिशा कळेनाशी होते. मग अनुभवी माणूस अँटेना काढतो, संच छातीशी धरून स्वतःभोवती फिरतो आणि शरीराच्या आडोशाने आवाज कुठे पडतो ते पाहतो. किंवा फ्रिक्वेन्सी पाच किलोहर्ट्‌झने सरकवून मुद्दाम कमी ऐकतो. भिंतीवरून परतलेल्या लहरी भलत्याच दिशेला नेतात, तेव्हा दोन जागांवरून रेघा काढून त्या कुठे छेदतात ते बघावे लागते. पट्ट्यावर कुणाचे बटण दाबलेले राहून गेले किंवा कुणी व्यत्यय आणत असेल, तर त्याचा शोध याच रीतीने लागतो. या खेळात बारा वर्षांचे मूल आणि साठीचा माणूस एकाच गटात धावतात, आणि मूल पुष्कळदा आधी पोचते.

बांधकामाच्या बाबतीत वादाची बाजू अनपेक्षितपणे उलटते.

कार्यवाह : आमच्या वेळी परदेशी संच परवडायचे नाहीत, म्हणून आम्ही बांधायचो. आता तयार मिळतात. सोल्डरिंगवर मुलांचे रविवार कशाला घालवायचे?

विद्यार्थिनी : मला तेच करायचे आहे काका. तयार संच बिघडला तर मी दुकान शोधणार. मी बांधलेला बिघडला तर मला कळेल कुठे बघायचे.

तिच्या बाजूला हैदराबादचा दाखला आहे. अशहर फरहान यांनी २००३ मध्ये बिटएक्स या संचाचा आराखडा खुला केला: १४ मेगाहर्ट्‌झचा, सहा वॅटचा, आवाज पाठवणारा-घेणारा पूर्ण संच, आणि सुटे भाग मुद्दाम असे निवडलेले की टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातही मिळावेत. तो जगभर बांधला गेला आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजही बांधल्या जातात. दुसरा दाखला पुण्याचा. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला स्वयम् हा जेमतेम किलोभराचा उपग्रह इस्रोच्या पीएसएलव्ही-सी ३४ ने २२ जून २०१६ रोजी सोडला. एका ठिकाणचा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणी उतरवणारी हौशी रेडिओची यंत्रणा त्याच्यावर होती. असे काम करणाऱ्याला सोल्डरिंग, अँटेना, कॉलसाइन आणि फ्रिक्वेन्सीची शिस्त सगळे एकत्र लागते. त्याआधी ५ मे २००५ ला गेलेल्या हॅमसॅट या इस्रोच्या उपग्रहाने नऊ वर्षे हौशींना सेवा दिली, तिचा लाभही पाच वॅटचा संच आणि हातातला यागी घेऊन गच्चीवर उभ्या राहणाऱ्यांना झाला. जवळच्या कक्षेतला उपग्रह डोक्यावरून दहा-पंधरा मिनिटांत जातो आणि त्याच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकत राहते. ४३५ मेगाहर्ट्‌झवर दोन्ही बाजूंना सुमारे दहा किलोहर्ट्‌झ. एका हाताने ती धरत, दुसऱ्याने अँटेना फिरवत पहिला संपर्क झालेला सभासद सहसा छंद सोडत नाही.

सर्वांत नाजूक मतभेद आपत्तीच्या नावाने सभासद जमवण्यावर आहे.

कार्यवाह : कॉलेजात व्याख्यान देताना मी किल्लारीच्या भूकंपापासून सुरुवात करतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास. टेलिफोन गेलेले. हॅम तिथे पोचले, केंद्रे उभी केली. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा चमू पोर्ट ब्लेअरला हौशी संपर्कांसाठीच गेलेला होता. अंदमानहून मुख्य भूमीला निरोप त्यांनी दिले. हे ऐकून मुले उभी राहतात.

विद्यार्थिनी : उभी राहतात आणि मग वाट बघतात. पूर येत नाही, भूकंप होत नाही, होऊही नये. दोन वर्षे काहीच घडले नाही की ती गळतात. आणि घडलेच, तर ज्याने कधी नेटवर निरोप लिहून घेतला नाही, तो तिथे जाऊन अडचणच करणार.

कार्यवाहांची माहिती अचूक आहे आणि कारणमीमांसाही भक्कम आहे. किल्लारीपासून हवाई अंतराने पुणे तीनशे किलोमीटरच्या आत आणि हैदराबाद दोनशेच्या थोडे पुढे. सात मेगाहर्ट्‌झची तार जमिनीपासून फार उंच नसली तरी दिवसा हा सगळा टापू वर जाऊन परतणाऱ्या लहरींनी भरून निघतो. मध्ये मनोरा नाही, ऑप्टिकल फायबर नाही, दुसऱ्याची वीज नाही. मोबाइलचे जाळे या तिन्हींवर उभे असते. पण पोर्ट ब्लेअरच्या उदाहरणातून विद्यार्थिनीचाच मुद्दा पुढे सरकतो: तो चमू तयारीत होता, कारण तो रोज हवेवर होता. पश्चिम बंगालचे हौशी गंगासागर मेळ्यात हरवलेल्या यात्रेकरूंची घरे शोधून देतात, तेही दर वर्षी तेच काम केल्यामुळे जमते. नाव, वय, गाव, पत्ता न चुकता उच्चारणे, ऐकलेले परत वाचून दाखवणे, अंदाजाने काही न भरणे, ही सवय मॅरेथॉनच्या पाणी-केंद्रावर लागते, भूकंपाच्या जागी नाही.

म्हणून क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात डोंगरावरचा दिवस असायला हवा. शहरात एलईडी दिव्यांचे आणि चार्जरचे आवाज सात मेगाहर्ट्‌झवर पसरलेले असतात. माथ्यावर ते नसतात. सिंहगडाच्या उंचीचा माथा पुण्याच्या पातळीहून सातशे मीटरांपेक्षा जास्त वर आहे, आणि तेवढ्या उंचीवरून रेडिओचे क्षितिज शंभर किलोमीटरपलीकडे जाते. घरी कुणालाच न लागणारा तोच हँडहेल्ड तिथे दूरच्या तालुक्यांशी बोलतो. बॅटरी, तार, दोरी, लॉगची वही एवढेच सामान. कपाटात गेलेला संच बाहेर काढण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

विद्यार्थिनी : माझी मागणी एवढीच आहे. आपल्या रजिस्टरात परवाना मिळाल्याची तारीख असते. तिच्या शेजारी पहिल्या संपर्काची तारीख लिहा. रकाना कोरा राहिला की त्या माणसाला फोन करा.

कार्यवाह : आणि प्रत्येकाशेजारी बसायला माणसे कुठून आणू? मी वर्ग लहान करणार नाही, आधीच सांगतो.

विद्यार्थिनी : करू नका. गेल्या वर्षी पास झालेल्यांना बसवा. त्यांना भीती अजून आठवते.

कार्यवाह : मग नेट कंट्रोलची पाळीही त्यांच्याकडे. तुझ्यापासून सुरू.

विद्यार्थिनी : चालेल. पहिल्या वेळी तुम्ही ऐकत राहा, मध्ये बोलू नका.

नेट कंट्रोल नव्या सभासदाकडे देताना तीन गोष्टी लेखी द्याव्या लागतात: हजेरीचा क्रम, ज्यात नवी कॉलसाइन आधी, रिपीटर बंद पडल्यास सगळ्यांनी जायची थेट फ्रिक्वेन्सी, आणि त्याचा स्वतःचा आवाज तुटल्यास नेट पुढे चालवणाऱ्या दुसऱ्या सभासदाचे कॉलसाइन.